सेलोकरांच्या शंभर चांदण्या

इश्वरराव सेलोकरांनी हात वर केला होता तो डास मारण्यासाठी. ही गोष्ट त्यांनी नंतर बायकोला सांगितली, आईला सांगितली, शेजारच्या तुलारामकाकांना सांगितली, ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना सांगितली. पण ज्या क्षणी सांगायला हवी होती त्या क्षणी मात्र सांगितली नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

त्याचं असं झालं. शहापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये पालकसभा चालू होती. नोव्हेंबर संपत आला होता. प्रिन्सिपल सिस्टर मूळच्या केरळच्या. त्या मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे सबंध भंडारा जिल्ह्यात त्यांच्याइतकं शुद्ध मराठी दुसरं कुणी बोलत नसे. त्या म्हणाल्या, "यंदा आपल्या नाताळच्या झाडावर विकत आणलेली एकही वस्तू लागणार नाही. प्लास्टिक तर मुळीच नाही. शंभर शोभेच्या वस्तू हव्यात, घरी केलेल्या, मुलांच्या हातांनी घडलेल्या. या कार्याची धुरा कोण पालक वाहील?"

धुरा म्हणताच सगळे पालक आपापल्या चपलांकडे बघू लागले. नेमक्या त्याच वेळी एक डास इश्वररावांच्या कपाळाभोवती घिरट्या घालत होता. हात वर गेला. डास सुटला आणि इश्वरराव सापडले.

"धन्यवाद, श्री. सेलोकर!" सिस्टर म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांचे हात खाली होते त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

इश्वरराव 'नाही' म्हणायला उठलेही होते. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं जड जात नाही. पाटबंधारे खात्यात ते वरिष्ठ लिपिक होते आणि त्यांची 'नाही' पाच-सहा प्रकारची होती. पण शेजारी तिसरीतली दामिनी, त्यांची एकुलती एक लेक, बसली होती. तिने बापाकडे असं काही पाहिलं की इश्वररावांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. गेल्या दोन्ही वर्षी शाळेच्या गॅदरिंगला बाप आला नव्हता. एकदा विधानसभेचा तारांकित प्रश्न आडवा आला, एकदा ऑडिट. आणि आज तोच बाप भर सभेत सगळ्यांच्या आधी हात वर करून उभा होता.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "तुमाले येते बनवता?"

"येते म्हणजे?" इश्वरराव म्हणाले. "शंभर म्हणजे कायच नाही!"

झालं. बाण सुटला.

घरी आल्यावर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यात एक गोरी बाई होती, तिची दोन शांत मुलं होती आणि त्यांच्याहून शांत एक कुत्रा होता. बाईने मैदा घेतला, मीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं, चांदण्या कापल्या, भट्टीत भाजल्या, रंगवल्या आणि हसली. चार मिनिटांत सगळं आटोपलं. या चार मिनिटांवर विश्वास ठेवून इश्वररावांनी रविवार जाहीर केला.

रविवारी दामिनी आली, तुलारामकाकांचे जुळे नातू मोनू आणि गोलू आले, आणि त्यांच्या मागून गल्लीतली आणखी पाच-सहा पोरं आली, कारण मोनूने 'सेलोकरांच्या घरी मैद्याचं काहीतरी आहे' एवढंच सांगितलं होतं. इश्वररावांची बायको हर्षा स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. त्यांची आई रुखमिणीबाई बाहेर बाजेवर बसून होत्या. त्यांनी परातीत मीठ पडताना पाहिलं आणि त्या कळवळल्या.

"काहून रे इश्वरा, एवढं मीठ? कोण खाईन ते?"

"खायाचं नाही माय. झाडाले टांगायचं आहे."

"अन्न टांगून राहिला?" रुखमिणीबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या गप्प झाल्या. त्यांचं हे गप्प होणं बोलण्यापेक्षा वाईट असे.

चांदण्या कापायला साचा नव्हता. हर्षाने करंजीचं कातणं दिलं, पण कातण्याने कोपरे येत नाहीत; त्यामुळे पहिल्या दहा चांदण्या काजूकतलीसारख्या झाल्या. गोलूने त्यातली एक खाल्ली आणि तो सगळ्या पोरांना सांगत सुटला, "खाऊ नका बे, नासली आहे!" तरी दुपारपर्यंत बासष्ट चांदण्या झाल्या. मग भट्टीचा प्रश्न आला. घरात भट्टी नव्हती. इथे कंपाउंडवरून तुलारामकाकांचा प्रवेश झाला.

तुलारामकाका वीज खात्यातून रिटायर झालेले. नोकरीत असताना ते खांबावर चढत. रिटायर झाल्यापासून ते लोकांच्या कंपाउंडवर कोपर टेकून उभे राहत आणि सल्ले देत. "भट्टी कायले पायजे?" ते म्हणाले. "ऊन पडून आहे ना एवढं. बाजेवर लुगडं अंथरा अन् वड्यांसारख्या वाळत घाला. संध्याकाळपर्यंत टणटणीत."

सल्ला रास्त होता. बासष्ट चांदण्या अंगणातल्या बाजेवर ओळीने मांडल्या गेल्या. इश्वररावांनी फोटो काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि 'मुलांसोबत काही निवांत क्षण' असं लिहून ते आत जाऊन आडवे झाले.

आता गाईला मीठ आवडतं ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोराला माहीत असायला हवी. इश्वरराव दिघोरीच्या धानशेतीवाल्या घरात जन्मलेले. पण बावीस वर्षं फायलींमध्ये राहिलं की माणूस गाय विसरतो. गाय मात्र मीठ विसरत नाही. तुलारामकाकांच्या बायकोची, मंदाबाईंची, गाय कपिला फाटकातून आत आली आणि तिने बासष्टच्या बासष्ट चांदण्या, वर लुगड्याचा एक पदर, असा फराळ केला. इश्वरराव उठून आले तेव्हा ती बाज चाटत होती.

"भाऊजी!" मंदाबाई ओरडत आल्या. "काय चारलं माह्या गाईले?"

"मी चारलं? तिनं खाल्लं!"

"रंग होता काय त्याच्यात?"

"रंग उद्या देणार होतो."

"म्हणजे उद्या मारणारच होते!"

कपिला त्या संध्याकाळी तीन बादल्या पाणी प्यायली. मंदाबाई रात्री जेवल्या नाहीत असं तुलारामकाकांनी दोनदा येऊन सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इश्वरराव दाढी करत असताना मंदाबाई फाटकात उभ्या. चेहरा एकदम मऊ.

"भाऊजी, त्या चांदण्या आणखी आहेत काय थोड्या? दूध वाढलं तिचं."

इश्वररावांनी वस्तरा पुन्हा गालावर ठेवला. गालावर साबण असलेल्या माणसाला अपमान गिळायला जरा सोपं जातं.

दुसरा सल्लाही तुलारामकाकांचाच. फुगा फुगवायचा, त्याला गोंदात बुडवलेला सुताचा धागा गुंडाळायचा, वरून चमकी भुरभुरायची, वाळू द्यायचं आणि मग फुगा फोडायचा. आत पोकळ, बाहेर जाळीदार गोळा तयार. काकांनी ही कृती कुठल्याशा लग्नाच्या मांडवात पाहिली होती. काकांच्या सल्ल्यात चूक कधीच नसे. ते अमलात येतानाच काहीतरी व्हायचं.

अठ्ठावीस फुगे दोरीला टांगून झाले. धागे ओले, गोंद टपटपतोय, चमकी चकाकतेय. घर असं सजलं होतं की हर्षासुद्धा "बरं दिसून राहिलं हो" म्हणाली. इश्वरराव खुर्चीवर उभे राहून शेवटचा फुगा बांधत होते आणि बांधता बांधता पोरांना समजावत होते, "हे पहा, वाळल्यावर टाचणीनं फुगा फोडायचा." मोनू आणि गोलू लक्ष देऊन ऐकत होते. पण सात वर्षांच्या पोराच्या कानात 'वाळल्यावर' हा शब्द शिरत नाही, 'टाचणीनं फोडायचा' मात्र थेट शिरतो. दोघांनी दोन टोकांनी सुरुवात केली.

दिवाळीच्या लडीसारखा आवाज झाला. रुखमिणीबाईंनी "अगं माय" म्हणून डोक्यावर पदर घेतला. धूर ओसरावा तशी चमकी खाली बसली तेव्हा खुर्चीवर इश्वरराव उभे होते, नखशिखान्त चकाकत, मिशीत गोंद, भुवयांत चंदेरी धुळवड.

"पप्पा," दामिनी म्हणाली, "तुमीच झाडावर चढा."

चमकीचा एक गुण आहे. ती कर्जासारखी नाही, संशयासारखी असते; कितीही धुवा, कुठेतरी उरतेच. दुसऱ्या दिवशी इश्वरराव तीन वेळा डोक्यावरून पाणी घेऊन ऑफिसला गेले आणि एका तलावाच्या गेटदुरुस्तीची टिपणी लिहून वरच्या कार्यालयात पाठवली. चार दिवसांनी टिपणी परत आली. सोबत पत्र होतं: 'संदर्भीय टिपणीसोबत प्राप्त झालेल्या चमकदार पदार्थाचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. तरी याबाबतचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

साहेबांनी बोलावलं. "सेलोकरबाबू, गेटच्या दुरुस्तीत चमकी कोणत्या हेडखाली टाकली?"

बावीस वर्षांत एकही शेरा न मिळालेल्या माणसाने मान खाली घालून खुलासा लिहिला. 'सदर पदार्थ चमकी असून ती निम्नस्वाक्षरीकाराच्या मिशीतून अनवधानाने पडली आहे. तिचा शासकीय कामाशी संबंध नाही.' हा खुलासा चांगला तयार झाला होता हे त्यांनाही मनातून मान्य होतं. वरून उत्तर आलं: 'खुलासा मान्य. यापुढे टिपणीस चमकी जोडू नये.' ऑफिसात ते वाक्य इतक्या जणांनी म्हणून दाखवलं की इश्वरराव डबा घेऊन बाहेर पिंपळाखाली जेवू लागले.

अशात मनिषशेठचा फोन आला. मनिषशेठ म्हणजे राइस मिलवाले. त्यांचा मुलगा दामिनीच्या वर्गात. आवाजात तूप घालून बोलायची त्यांना सवय. "सेलोकरसाहेब, टेन्शन नका घेऊ बरं. नाही जमलं तं माह्याकडे नागपूरहून आणलेला डबा तयार आहे. लाल-सोनेरी गोळे, एकदम फॉरेनवानी. सिस्टरलेही सांगून ठेवलं मी. इमर्जन्सीसाठी."

"इमर्जन्सी येणार नाही," इश्वरराव ताठ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी दामिनी शाळेतून आली ती तोंड पाडून. तिची पोळी ताटात तशीच. हर्षाने खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "वर्गात सगळे म्हणून राहिले, दामिनीच्या पप्पाले नाही जमत. मी म्हटलं, जमते. मी उगाच म्हटलं का?"

इश्वररावांनी घास ताटात परत ठेवला. कुणी साहेब रागावला असता तर त्यांनी संदर्भ क्रमांक देऊन उत्तर दिलं असतं. या प्रश्नाला संदर्भ क्रमांक नव्हता.

तेव्हा रुखमिणीबाई बोलल्या. इतके दिवस गप्प बसलेल्या रुखमिणीबाई. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "झालं तुमचं? मैदा झाला, फुगे झाले. आता माह्यं आयक. दिघोरीले चाल. लोंब्या आणू."

"कायच्या लोंब्या, माय?"

"धानाच्या. आनखी कायच्या? मी तुह्या जन्माच्या आधीपासून लोंब्याचे झुंबर गुंफतो, चांदण्या गुंफतो. दारावर कोण बांधत होतं आपल्या घरी? तुह्या आजोबानं बांधले काय?"

इश्वररावांना एकदम आठवलं. दिघोरीच्या घराच्या दाराशी, प्रत्येक हंगामानंतर, सोनेरी लोंबतं झुंबर. त्याखालून ते रोज शाळेत गेले होते आणि एकदाही मान वर करून त्यांनी पाहिलं नव्हतं.

"पण माय," त्यांनी विचारलं, "इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

"विचारलं कोणं?"

रविवारी तुलारामकाकांच्या व्हॅनमधून मंडळी निघाली. काका व्हॅन ताशी तीसच्या पुढे नेत नसत. त्यांच्या मते त्यापुढे इंजिनाचा अपमान होतो. त्यामुळे दिघोरी यायला दुपार झाली. शेतात धानाचे पुंजणे उभे होते, घराएवढे उंच रचलेले, आणि इश्वररावांचा थोरला भाऊ कवडू चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, तयारीत होता. नाताळासाठी धान हवं म्हटल्यावर त्याने पागोटं मागे सारून डोकं खाजवलं.

"येशूबाबा भात खाते?"

"टांगायचं आहे दादा."

"मंग न्या बापा. लक्ष्मी हाय. कोणाच्याही दारी टांगली तं चांगलीच दिसते."

रुखमिणीबाई पुंजण्याशी बसल्या आणि एकेक लोंबी निवडू लागल्या. "मुंडकं पाहू नका रे, मान पाहा. लंबी मान पायजे, तवा गुंफता येते." पोरांनी निवडलेल्या लोंब्या शेताकडेच्या छोट्या तळ्यात, बोडीत, बुडवल्या; वाळलेली काडी भिजली की दोऱ्यासारखी वळते. ओल्या पोत्यात गुंडाळून सगळं व्हॅनमध्ये घातलं. मोनू बोडीत पडला, पण तो दिवसभरात कुठेतरी पडणारच होता, आणि बोडी उथळ होती.

परतताना रस्त्यावर तपासणी नाका लागला. धानखरेदीचे दिवस, बाहेरचं धान इथल्या केंद्रावर येऊ नये म्हणून गाड्या थांबवत होते. एका कर्मचाऱ्याने काच ठोकली.

"पोत्यात काय आहे?"

"धान," इश्वरराव म्हणाले. सत्य बोलण्याची वेळ माणसाने नीट निवडावी.

"सातबारा?"

"सातबारा कायचा? हे तं नाताळच्या झाडाले आहे."

"नाताळचं झाड धान खाते काय?"

"खात नाही हो, घालते!" मागून गोलू ओरडला.

सगळ्यांना खाली उतरवलं. टेबलामागच्या साहेबांनी चष्मा पुसला. इश्वररावांनी ओळखपत्र काढलं, बावीस वर्षांची सेवा सांगितली, सिस्टरची सूचना सांगितली, कपिलेबद्दलही सांगितलं, आणि ते जितकं सांगत गेले तितकं प्रकरण संशयास्पद होत गेलं. साहेब म्हणाले, "मी नोकरीत ट्रकभर खोटं ऐकलं, पण असं पहिल्यांदाच ऐकून राहिलो."

रुखमिणीबाईंना उभं राहणं सोसेना. त्यांनी साहेबांसमोरची रिकामी खुर्ची ओढली, पोत्यातून मूठभर लोंब्या काढल्या आणि गुंफायला बसल्या. बोटं चालू लागली. एक काडी वर, एक खाली, मान मुरडली, गाठ बसली. नाक्यावरचा आवाज कमी कमी होत गेला. पाच मिनिटांत त्यांच्या हातात पाच टोकांची चांदणी होती आणि प्रत्येक टोकाला दाण्यांचा झुबका हलत होता.

साहेबांनी ती उचलून उजेडात धरली. "माझी आजी असं करायची," ते म्हणाले. "गावी, आंबागडले. मले वाटलं, आता कोणाले येत नसन."

मग त्यांनी कागद ओढला, कारण नोंद तर करावीच लागते. 'माल: धानाच्या लोंब्या, एक पोते. प्रयोजन: नाताळ. कुठे नेणार: झाडावर.' खाली सही, त्यावर शिक्का. इश्वररावांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. इतक्या स्वच्छ तीन ओळी त्यांच्या कार्यालयात कुणालाही लिहिता आल्या नसत्या. नाक्यावरच्या चौघांनाही एकेक चांदणी करून देईपर्यंत व्हॅन हलली नाही, पण ती वसुली रुखमिणीबाईंनी आनंदाने दिली.

पुढचे आठ दिवस शाळा सुटली की सेलोकरांचं अंगण भरायचं. रुखमिणीबाई मधोमध, भोवती पोरं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या चांदण्यांचे फडे झाले. तिसऱ्या दिवशी दामिनीची जमली आणि ती ती चांदणी उशाशी घेऊन झोपली. सगळ्यांत आश्चर्य गोलूचं. फोडाफोडीत पुढे असलेली ती बोटं गुंफणीत इतकी चालली की रुखमिणीबाई त्याला 'माह्या हाताखालचा मिस्त्री' म्हणू लागल्या. मंदाबाईही येऊन बसल्या, कपिलेला घरी बांधून. तुलारामकाका कंपाउंडवरून सल्ले देत होते; मग रुखमिणीबाईंनी त्यांच्या हातात लोंबी दिली, आणि रिटायर झाल्यापासून प्रथमच ते दोन तास काही बोलले नाहीत. इश्वररावांनीही पुष्कळ प्रयत्न केले. त्यांच्या चांदणीला आठ पाय यायचे आणि ती तिरकी चालेल असं वाटायचं. शेवटी मायने त्यांना काड्या भिजवायच्या कामावर ठेवलं.

तेवीस तारखेला सकाळी आठलाच शंभर चांदण्या शाळेच्या मैदानात, स्टेजवरच्या उंच झाडावर लागल्या. इश्वररावांनी लग्नातला कोट घातला होता. सिस्टरनी झाडाभोवती एक फेरी मारली आणि त्या म्हणाल्या, "अतिशय साधे आहे." हे कौतुक होतं की काळजी, ते शुद्ध मराठीमुळे कळलं नाही. मनिषशेठ लाल-सोनेरी डबा काखेत घेऊन पहिल्या रांगेत बसले होते.

प्रमुख पाहुण्या, जिल्ह्याच्या एक मोठ्या अधिकारी, नऊला येणार होत्या. साडेदहा झाले. उन्हात पोरं कंटाळली म्हणून त्यांना वर्गांत पाठवलं. पालक चहाला पांगले. मैदान रिकामं, शांत. इश्वरराव तेवढे स्टेजजवळ पहाऱ्यावर.

आणि एक चिमणी आली.

ती झाडाच्या शेंड्यावर बसली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि एक दाणा टिपला. "हाट्!" इश्वरराव म्हणाले. चिमणी उडाली आणि जाऊन सगळ्यांना सांगून आली. पाच मिनिटांत दहा झाल्या, मग तीस, मग मोजायची सोय राहिली नाही. वर तारेवरून तीन राघू उतरले, साहेबासारखे, घाई न करता. झाड नुसतं चिवचिवाटाने हलायला लागलं.

इश्वरराव धावले. त्यांनी रुमाल फिरवला, टाळ्या वाजवल्या, कार्यक्रमपत्रिका फेकली. ते डावीकडे गेले की चिमण्या उजवीकडे, ते उजवीकडे की चिमण्या डावीकडे. लग्नातल्या कोटाने या वयात एवढी हालचाल पाहिली नव्हती. पाठीवर टर्रकन उसवला. सगळ्या वर्गांच्या खिडक्यांत पोरांची डोकी दिसू लागली आणि हसण्याची लाट आली. तिसरीच्या खिडकीत दामिनी होती. ती हसत नव्हती.

"मी म्हटलं होतं," मनिषशेठ चहाचा कप ठेवून डब्याचं झाकण उघडत स्टेजकडे निघाले. "सिस्टर, पाच मिनिटात बदलून टाकू."

"इश्वरा!" मैदानाच्या कडेने रुखमिणीबाईंचा आवाज आला. शेतात हाक मारायचा आवाज. "थांब रे! हाकलून कायले राहिला? त्याईच्यासाठीच तं असते ते! हंगाम झाला का पाखराचा वाटा दारावर टांगतेत. खाऊ दे त्याईले!"

"हे तू आधी नाही सांगितलं माय!"

"विचारलं कोणं?"

इश्वरराव थांबले. दम लागला होता, कोट फाटला होता, हात हवेत तसेच. आणि ते हलायचे थांबले तशी पाखरंही घाबरायची थांबली. एकेक करून परत बसली. एक राघू चांदणीला उलटा लटकून दाणे सोलू लागला. शंभर चांदण्या, आणि प्रत्येकीवर काहीतरी जिवंत, फडफडणारं. नागपूरच्या कुठल्याही दुकानात असं झाड मिळालं नसतं.

सिस्टर ओठांवर बोट ठेवून वर्गांकडे गेल्या. चारशे पोरं पायांतले बूट हातात घेऊन बाहेर आली, आवाज न करता, आणि मैदानात बसली. या शाळेत अशी शांतता प्रार्थनेलाही कधी झाली नव्हती. मनिषशेठ स्टेजच्या पायरीवर अर्ध्यात उभे होते. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा खाली ठेवला आणि मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. "मागे व्हा ना जरा, सेलोकरसाहेब," ते कुजबुजले, "तो राघू येत नाही फ्रेममध्ये."

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकात आली. सिस्टरनी दोन्ही हात पसरून ती तिथेच थांबवली. बाई उतरल्या, चालत आल्या, आणि पोरांच्या शेवटच्या रांगेत, धुळीत, साडी सावरून बसल्या. भाषणाची चार पानं त्यांनी पर्समध्ये परत ठेवली. नंतर माइक हातात आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी बरीच स्टेजं पाहिली. पाहुणे माझ्या आधी येऊन जेवायला बसले असं आजच झालं." आणि खाली बसल्या. भंडारा जिल्ह्यात इतकं छोटं भाषण कुणाला आठवत नव्हतं, टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांनीही पाखरं उडाली नाहीत. त्यांचं पोट भरायचं होतं.

दुपारपर्यंत दाणे संपले. उरल्या त्या नुसत्या काड्यांच्या चांदण्या, पिसासारख्या हलक्या, वाऱ्यावर फिरणाऱ्या. रुखमिणीबाईंना सिस्टरनी आपल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि भोवती शिक्षिका गुंफण शिकत होत्या. गोलू त्यांच्या चुका काढत होता.

पाहुण्या निघताना इश्वररावांपाशी थांबल्या. इश्वरराव भिंतीला पाठ लावून उभे होते, कोटाची शिवण लपवत. खांद्यावर एका चिमणीने आपला शेरा मारून ठेवला होता.

"ही कल्पना कुणाची?" बाईंनी विचारलं.

इश्वररावांनी मायकडे दाखवायला हात उचललाच होता. पण त्याच्याआधी दामिनी पुढे झाली. तिने बापाची करंगळी धरली होती आणि आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा लावला होता.

"चांदण्या आम्ही आजीसंग बनवल्या," ती म्हणाली. "पण चिमण्या माह्या पप्पांनी बोलावल्या."

बाईंनी इश्वररावांकडे पाहिलं. इश्वररावांनी लेकीकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मीच बोलावल्या."